बिनपाण्याची बाग

सोलापुरात नव्या माणसाशी ओळख झाली की गाव, आडनाव, पोरांची लग्नं हे सगळं नंतर. आधी प्रश्न येतो, "तुमच्याकडं पाणी किती दिवसाआड?" चार म्हणणारा माणूस पाच म्हणणाऱ्याकडं जरा वरून बघतो. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून पाइपानं येणाऱ्या पाण्यावर आमचं शहर जगतं. उजनी मायनसमध्ये गेली की शेअर बाजार कोसळल्यावर मुंबईकर ज्या चेहऱ्यानं चहा पितो त्या चेहऱ्यानं आम्ही चहा पितो. प्लसमध्ये आली की ओळख नसलेली माणसंसुद्धा हात वर करून सांगतात, "आली ओ प्लसमध्ये!"

अशा गावात, जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापुढं, मी तीनशे चौरस फुटांचं लॉन लावलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी हिरवं लागतं. आता बँकेत हयात घालवल्यामुळं हिशेब म्हणजे माझ्या हातचा मळ. मे महिन्यात आमच्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला दहा मिलिमीटरच्या वर उडून जातं. त्या मानानं तीनशे फूट गवताला रोज दोनशे लिटर पाणी हवं. हा हिशेब मी लॉन लावल्यानंतर केला. त्याआधी कॅल्क्युलेटर सापडत नव्हता.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी निघालं. टीव्हीवर रोज त्या वाघिणी दिसायच्या. एका संध्याकाळी मी पाइप घेऊन बाहेर निघालो तेव्हा आमच्या सौभाग्यवती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "पाणी घालायचं तर घाला. पण खिडकीचा पडदा ओढून घ्या. मला एकाच वेळी दोन्ही बघवत नाही."

लॉन गेलं. मी ते घालवलं असं मी सर्वांना सांगतो. खरं तर ते आधीच गेलं होतं, मी फक्त दुखवटा जाहीर केला. आणि त्याच आठवड्यात मला 'झेरिस्केप' हा प्रकार वाचायला मिळाला. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराच्या पाणीखात्यानं १९८१ मध्ये हे नाव काढलं. कमीत कमी पाण्यात, किंबहुना पावसावरच भागेल अशी बाग. तिची सात तत्त्वं आहेत: आधी आराखडा, मग माती, मग योग्य झाडं, गवत बेताचं, पाणी नेमकं, आच्छादन आणि सातवं देखभाल. सातवं मी सोडून दिलं. बागेनं स्वतःच स्वतःला सांभाळायचं, हीच तर यातली मौज होती. डेन्व्हरला हिवाळ्यात बर्फ पडतं, ही किरकोळ बाबही मी बाजूला ठेवली. आमच्या जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ती पडेल तेव्हा पडेल, या भरवशावर मी आलेखाचा कागद आणला.

आराखड्यात पाण्याप्रमाणे तीन पट्टे पाडायचे असतात. घराजवळ जास्त पाण्याचा, मग बेताचा आणि फाटकाकडं शून्य पाण्याचा. मी ते तीन रंगांत रंगवले आणि कौतुकानं स्वयंपाकघरात नेले.

"तुळस कुठाय यात?" प्रश्न आला.

"तिसऱ्या पट्ट्यात."

"तिथं काय?"

"शून्य पाणी."

हातातला झारा कढईत तसाच राहिला. "अहो, सासूबाईंनी लावलेली तुळस ती. तिला पाणी घालायचं नाही? आणि त्या सात तत्त्वांत तुळशीचं लग्न कितव्या नंबरला आहे?"

मी तिसऱ्या पट्ट्याच्या मधोमध एक निळा ठिपका काढला: रोज सकाळी एक तांब्या. मग मोगरा आठवला, दुसरा ठिपका. कढीपत्ता, जास्वंद, देवाला लागतात म्हणून दूर्वा. रात्री झोपण्यापूर्वी मी पाहिलं तेव्हा शून्य पाण्याचा पट्टा पहिल्या पट्ट्यापेक्षा निळा झाला होता.

माती हे दुसरं तत्त्व. आमचा प्लॉट मुरमाड. मुरमात काय येणार, म्हणून मी तो हातभर उकरून काढला, टिपरवाल्याला पैसे देऊन पाठवून दिला आणि दोन ब्रास उत्तम काळी माती टाकली. गुळगुळीत, ओली, पायाला चिकटली की चपलेचं वजन दुप्पट करणारी माती. तिच्यात निवडुंग लावले. गोल, सोनेरी काट्यांचे, नर्सरीवाल्यानं हातमोजे घालून दिलेले. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ऐकवायचो, "बाकीची झाडं दिवसा श्वास घेतात, पाणी उडवतात. हे पठ्ठे दिवसा पानावरची, म्हणजे अंगावरची, सगळी भोकं बंद करून बसतात. रात्री गार झालं की उघडतात." पाहुणे निवडुंगाकडं आणि मग माझ्याकडं आदरानं बघायचे. असं ज्ञान वाटून झालं की पाहुणे गेल्यावर मी त्यांना थोडं पाणी घालायचो. निवडुंगांना. एवढ्या उन्हात दिवसभर भोकं बंद करून बसणाऱ्याबद्दल कुणालाही कणव येईल.

पावसाळ्यात एकाच्या बुडाशी पिवळट डाग दिसला. बोट लावलं, तर बोट आत गेलं. आत काट्याबिट्याचा प्रश्नच नव्हता, नुसता लगदा, आणि आंबूस वास. दसऱ्यापर्यंत सगळे बसले. बसले म्हणजे अक्षरशः, आपापल्या जागी खाली.

माझे एक स्नेही आहेत, कोरडवाहू शेतीच्या संशोधनात आयुष्य घातलेले. त्यांनी मातीचं ढेकूळ उचललं, बोटांत दाबलं आणि विचारलं, "ही कुणी आणली?"

"मी."

"काळी माती पाणी धरते. पाऊस संपल्यावर पेरलेली आपली मालदांडी हिच्यातल्या नुसत्या ओलीवर कणीस भरते. मोहोळच्या केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षं लोक पेरतायत ते उगाच नाही. ज्वारीला ही माती सोनं. निवडुंगाला मुरूम लागतो."

"मग मुरूम आणू या."

"आणा. तुमचाच कुठं टाकलाय ते टिपरवाल्याला विचारा."

विचारलं. त्यानं तो कुणाच्या तरी पायाभरणीत विकला होता. माझ्याकडून नेण्याचे आणि तिकडून देण्याचे, असे दोन्हीकडून पैसे घेतले होते. या सगळ्या प्रकल्पात नफ्यात आलेला तो एकमेव माणूस.

मग मी देशी झाडांकडं वळलो. विदेशी निवडुंग कशाला, आपल्या माळावर तरवड आहे की! अक्कलकोट रस्त्यानं जा, दोन्ही बाजूंना पिवळी फुलं, कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, फूल थांबत नाही. मी पहार घेऊन गेलो. शेळ्या राखणाऱ्या एक आजी बराच वेळ बघत उभ्या होत्या.

"काय काढायलाव?"

"तरवड."

"औषधाला?"

"नाही, बागेत लावायला."

आजी काही बोलल्या नाहीत. शेळ्यांना घेऊन जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या.

तरवडाचं मूळ सरळ खाली जातं, हे मला पहारीनं कळलं. किती खाली ते नाही कळलं, कारण मध्येच तुटलं. घरी आणून लावलेली सगळी रोपं माना टाकून वाळली. स्नेह्यांनी पुन्हा समजावलं की दुष्काळ सोसणारं झाडसुद्धा पहिलं वर्ष-दोन वर्षं पाणी मागतं. मुळं खोल गेली की मग ते कुणाचं ऐकत नाही. बी टाकायचं किंवा पिशवीतलं लहान रोप आणायचं आणि ते लागेपर्यंत नेमानं पाणी द्यायचं. म्हणजे पाणी न लागणाऱ्या बागेला आधी दोन वर्षं पाणी लागणार. कर्ज मिळायला आधी कर्जाची गरज नसावी लागते, हे तत्त्व मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूनं तीस वर्षं राबवलं होतं. बाहेरच्या बाजूनं आता कळलं.

नेमानं पाणी म्हणजे ठिबक. दोनशे लिटरचा निळा ड्रम स्टुलावर, त्याला सोळा मिलिमीटरची नळी, नळीला तासाला चार लिटरचे ड्रीपर. दुकानदारानं विचारलं, "प्रेशर किती?"

"प्रेशर नाही, ड्रम आहे."

त्यानं सामान बांधता बांधता एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुढं बांधलं. त्याचा धंदा आहे.

ड्रीपरला साधारण एक किलो दाब लागतो. तेवढा दाब यायला पाणी दहा मीटर उंचीवर हवं. माझा स्टूल एक मीटर. ड्रमला लागून असलेल्या दोन ड्रीपरांतून मुंगीला पुरेल इतकं पाणी आलं, बाकीचे कोरडे. "मग काय, घरावर अजून दोन मजले चढवायचे?" सौभाग्यवतींचा प्रश्न थट्टेचा होता, पण मी त्या रात्री खर्चाचा अंदाज काढला होता हे त्यांना आजही ठाऊक नाही. शेवटी नळी जिन्याच्या खोलीवरच्या टाकीला जोडली. थोडं बरं झालं. पण टाकीत बोअरचं पाणी, आणि आमचं बोअर असं की त्याच्या पाण्यानं बादलीला चुन्याचा मुलामा चढतो. पंधरवड्यात ड्रीपरांच्या तोंडाशी पांढरी खपली. मग मी रोज संध्याकाळी खिशात टाचणी घेऊन बागेत उकिडवा बसून एकेका ड्रीपरला टोचू लागलो. शेजारचे अण्णा कंपाउंडवरून विचारायचे, "डास मारायलात काय ओ सर?"

टाचणीनं गुडघे गेले तेव्हा मडक्यावर आलो. जमिनीत गळ्यापर्यंत मडकं पुरायचं, पाणी भरायचं, झाकण ठेवायचं. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरतं आणि तेही माती कोरडी असेल तेवढंच. ओली असली की आपोआप थांबतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. वीज नको, दाब नको, टाचणी नको. मी एका हस्तकला प्रदर्शनातून मडकी आणली. सुंदर मडकी. लालभडक, चकाकणारी, वर पांढऱ्या रंगात वारली नाच.

पुरली, भरली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, पाणी काठोकाठ. चौथ्या दिवशी काठोकाठ. आठवडा उलटला तरी थेंब कमी नाही. मी अण्णांना बोलावून दाखवलं. "बघा. पाण्याचा वापर शून्य. डेन्व्हरवाल्यांना हे जमलं नाही." अण्णांनी मडक्यात वाकून पाहिलं, मग शेजारच्या वांग्याच्या रोपाकडं पाहिलं. ते रोप तोवर काडी झालं होतं. "पाणी वाचलं की," ते म्हणाले, "पण झाड?"

कुंभारवाड्यात एक मडकं नेऊन दाखवलं. तिथल्या कुंभारमामांनी नखानं खरवडलं. नखाखाली तांबडी कपची आली.

"ऑइलपेंट हाय ह्ये. आतनं बी मारलाय." त्यांनी ते उन्हात धरलं. "पाझरंल कुठनं? ह्यो तर डबा झाला." मग शेजारच्या ढिगातलं एक काळपट, ओबडधोबड, एका बाजूला किंचित बसलेलं मडकं काढून पाण्यात बुडवलं, वर धरलं. बाहेरचं अंग क्षणात कोरडं झालं आणि जरा वेळानं पुन्हा गडद होत गेलं. "ह्ये घ्या. ह्ये दिसाया न्हाई, पण घाम येतोय त्येला." ती मडकी मी घेतली. ती चालतातही. वारली नाचवाली सध्या छत्र्या ठेवायला आहेत, कारण ती गळत नाहीत.

सहावं तत्त्व आच्छादन. पहिल्यांदा मी पांढरी खडी पसरली. छायाचित्रांत ती फार शोभून दिसते. आमच्या त्रेचाळीस अंशांत ती दुपारभर तापायची आणि रात्री खिडकीतून सगळी ऊब आत पाठवायची. शिवाय गल्लीतल्या मांजरांनी तिचा जो उपयोग करायचा तो एकमतानं ठरवला. खडी उचलून पाचट आणलं. आमच्याकडं साखर कारखाने उदंड आणि पाचट फुकट. पाचटाखाली माती खरंच गार राहिली, ओल टिकली, मी खूश. पाचटात वाळवीही खूश. झाडाला तिनं हात लावला नाही. ती पाचट खात खात भिंतीपर्यंत आली आणि तिथून दाराच्या सागवानी चौकटीत शिरली. दुष्काळात तेरावा महिना! चौकट बदलण्याचा खर्च बागेच्या खात्यावर टाकावा की घराच्या, यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. पाणी वाचवण्यासाठी घरात वाया जाणारा प्रत्येक थेंब साठवायचा मी नेम धरला होता. भाज्या धुतलेलं पाणी, आरओचं बाहेर पडणारं पाणी, वॉशिंग मशिनचं पाणी, ज्याचं त्याचं वेगळं भांडं. आरओचं पाणी म्हणजे बोअरचे सगळे क्षार गाळून उरलेला अर्क. ते घातलेल्या सीताफळाच्या पानांच्या कडा करपल्या. साबणाच्या पाण्यानं काळी माती अशी घट्ट झाली की पाणी वरच थबकून राहायचं. माझी आजी मोरीचं पाणी कर्दळीला आणि अळूला सोडायची, पण तिच्याकडं शिकेकाई आणि राख होती. माझ्याकडं 'टफ स्टेन रिमूव्हर' होता. साठवलेलं आणि वापरता न येणारं पाणी वाढत चाललं. न्हाणीघर, मागचं अंगण, जिन्याखाली, सगळीकडं बादल्या, पिंपं, घमेली.

तेव्हाच डेंग्यूची तपासणी आली. टॉर्च घेतलेल्या ताई एकेक भांडं पाहत, वहीत लिहीत घरभर फिरल्या. जिन्याखालच्या पिंपात त्यांनी टॉर्च मारला आणि मला बोलावलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, टॉर्च हलवला की झर्रकन खाली जात होत्या.

"काका, आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळायचा. सगळी भांडी उपडी करायची."

"ताई, मी कोरड्या बागेचा पुरस्कर्ता आहे."

"हो का? मग एवढं पाणी कशाला?"

त्यांनी माझ्यादेखत सगळं ओतून दिलं. एक थेंबही बागेच्या दिशेनं गेला नाही. उतार रस्त्याकडं होता. आराखड्यात उताराचा विचार मी केला नव्हता, तो पहिल्या तत्त्वातच करायचा असतो.

एप्रिलअखेर घरी टँकर बोलवावा लागला. घरात दोन माणसं, लॉन नाही, आणि टँकर! सौभाग्यवतींनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूला एक पान काढलं होतं. डावीकडं लॉन असतानाचं वर्ष, उजवीकडं पाणीबचतीचं. उजवीकडचा आकडा मोठा होता. त्यात काळी माती, ड्रीपर, चौकट वगैरे धरलंच नव्हतं, नुसतं पाणी होतं. निवडुंगाची कणव, तरवडाची सेवा, खडी धुणं, नळी साफ करायला सोडलेलं पाणी, सगळं तारखेनिशी.

"मी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. वही मात्र उघडी ठेवून गेल्या.

आता खरी गोष्ट. मागच्या भिंतीला, टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाच्या व्हॉल्व्हपाशी, एक पपई आली होती. ती मी लावली नव्हती. ती कुठल्याही पट्ट्यात नव्हती. बी कुणी थुंकलं असेल. व्हॉल्व्ह सतत टपकत होता, खाली पाचटाची उरलेली मूठ पडली होती, दुपारनंतर भिंतीची सावली. वर्षाच्या आत ती छपराला लागली. काळ्या खोडावर पानांचे ठसे, वर हिरवीगार छत्री. ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी माझी 'कोरडी बाग' पाहायला आली तेव्हा त्यांना पुढच्या अंगणातून मी अंमळ वेगानंच मागं नेलं. "हे आमचं थेट मुळाशी पाणी देण्याचं मॉडेल," मी सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात 'कमी पाण्यात बाग' या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं. पपईला फुलंही आली, लांब देठांचे लोंबते झुपके. पाहुण्यांतल्या एका शेतकरी गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "नर आहे. फळ नाही धरायची." ते मी व्याख्यानात सांगणार नाही.

व्याख्यानाच्या आदल्या आठवड्यात सौभाग्यवतींनी प्लंबरला बोलावलं. तो पान्हा घेऊन व्हॉल्व्हखाली बसला तेव्हा मी धावत गेलो.

"थांबा! बंद नाही करायचं."

"गळतंय की ओ मालक."

"गळू दे. पण मापानं गळू दे. तासाला दोन लिटर."

त्यानं पान्हा खाली ठेवला. मी आतून खोकल्याच्या औषधाचं दहा मिलिलिटरचं टोपण आणि घड्याळ आणलं. मिनिटाला तेहतीस मिलिलिटर, म्हणजे तीन टोपणं आणि वर थोडं. पहिल्यांदा पाच टोपणं भरली. त्यानं किंचित आवळलं, एकच. पुन्हा सैल केलं. तो आवळायचा, मी टोपण धरायचो, अण्णा कंपाउंडवरून मोजायचे. खिडकीतून सौभाग्यवती बघत होत्या, हातात ती वही. बऱ्याच वेळानं साडेतीन टोपणांवर आम्ही तडजोड केली.

"किती झाले?" मी विचारलं.

"अडीचशे."

"अहो, पण तुम्ही गळती काढलीच कुठं?"

"काढायचे अडीचशे, ठेवायचे बी अडीचशे," पान्हा पुसत तो म्हणाला. "आनि ह्ये पुन्ना म्हैन्याभरात हालणार. मंग मला बोलवा, तुमी हात लावू नका."